फाईलवरचे नाना

आमच्या वडलांना घरात, भावकीत, अख्ख्या गल्लीत नानाच म्हणतात. आणि २०१९ ला आरटीआय करून त्यांच्या फौजेतल्या मेडिकल बोर्डाचे, म्हणजे रिटायर होताना आजार तपासणाऱ्या डॉक्टरांच्या मंडळाचे, कागद मिळाले तर शेवटच्या पानावर एका रकान्यात तेच लिहिलेलं, एन ए एन ए. मला क्षणभर खरंच वाटलं की ओळखीच्या कुणीतरी त्यांचं घरचं नाव लिहून ठेवलंय की काय. नंतर कळलं की ते नायदर अ‍ॅट्रिब्युटेबल नॉर अ‍ॅग्रॅव्हेटेड, म्हणजे हा आजार नोकरीमुळे झालेला पण नाही आणि नोकरीमुळे वाढलेला पण नाही. वकील लोक त्याला सरळ नाना म्हणतात. आमच्या वकीलसाहेबांशी पहिल्यांदा फोनवर बोलले तेव्हा ते म्हणाले, मॅडम ही नाना केस दिसतेय. मी म्हटलं हो साहेब, नानांचीच आहे. दोघंही आपापल्या जागी बरोबर होतो.

हे सगळं लिहायला बसले कारण या दिवाळीपासून गावातले तिघंजण घरी येऊन विचारून गेले, ताई तुमच्या नानांच्या डिसॅबिलिटी पेन्शनचं कसं झालं, आम्हाला पण सांगा, आणि प्रत्येक वेळी मी चहा ठेवते आणि पहिल्यापासून सुरू करते आणि प्रत्येक वेळी काहीतरी राहतंच. मी वकील नाही, बँकेत कॅशला बसते. पण ही एक फाईल आता मला तोंडपाठ आहे.

नाना १९८८ ला भरती झाले, १९ वर्षांचे होते. आम्ही साताऱ्याकडचे, आमच्याकडे पोरगं मिसरूड फुटायच्या आधी पहाटे रस्त्याने पळायला लागतं. रेजिमेंटचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाव लिहिलं की कोणतं ऑफिस ते लगेच कळतं आणि मला कुणाशी भांडण नाही काढायचं, जे भांडायचं होतं ते भांडून झालंय. २०१२ ला हवालदार म्हणून २४ वर्षं पुरी करून घरी आले. पुढं दोन वर्षांची एक्स्टेन्शन असते पण ती काही नानांना मिळाली नाही कारण ते कॅटेगरीत, म्हणजे तब्येतीमुळे खालच्या वैद्यकीय श्रेणीत होते. कॅटेगरी कशाची तर कंबरेची. मणक्यातली एल फोर एल फाईव्हची चकती सरकून डाव्या पायाच्या नसेच्या मुळावर बसलेली. बोर्डाने २० टक्के डिसॅबिलिटी दिली, तीही आयुष्यभरासाठी, आणि त्याच्याच खाली ते एन ए एन ए. त्यामुळे डिसॅबिलिटीचा एक रुपया नाही.

आता २० टक्के म्हणजे किती हे कागदावर कळत नाही. मी सांगते कसं कळतं. संध्याकाळी नाना वैरण घेऊन बांधावरून येतात आणि माझा पोरगा मागून ओरडत येतो, नाना चप्पल! डाव्या पायातली चप्पल पन्नास पावलं मागं चिखलात राहिलेली असते आणि ते एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी असे आरामात चालत आलेले असतात. त्यांना पत्ताच नसतो. पावलाची वरची बाजू आणि अंगठा तिथं आहे की नाही हे त्यांना डोळ्यांनी बघावं लागतं. एकदा आंघोळीचं पाणी चुलीवरून काढताना डाव्या पायावर सांडलं, आईने फोड बघितले तेव्हा कळलं. अंगठा वर उचलत नाही म्हणून उंबऱ्याला ठेचकाळतो, नख कायम काळंच. पण बाहेरून बघणाऱ्याला काय दिसतं, तर ताठ चालणारा, मिशीवाला, पन्नाशीचा धट्टाकट्टा माणूस. नसेचं दुखणं हे असं चोरटं असतं. हात तुटला तर लोक खुर्ची देतात, नस दाबली गेली तर म्हणतात जरा योगा करा.

आणि यात अर्धी चूक नानांची आहे, हे मी त्यांच्या तोंडावर बोलले आहे त्यामुळे इथं लिहायला हरकत नाही.

झालं असं की २००४ ला ते वर डोंगरात एका पोस्टवर होते. खालच्या झऱ्यावरून पाणी वर न्यायचं, पाठीवर वीस लिटरचा जेरीकॅन. थंडीत दगडावर बर्फाचा पातळ पापुद्रा असतो तो दिसत नाही. नाना घसरले, जेरीकॅनसकट पाठीवर आपटले, कंबरेत खाडकन वाजलं. बरोबरच्याने उचललं, वर नेलं. नर्सिंग असिस्टंटने ब्रुफेनच्या गोळ्या दिल्या आणि सिक रिपोर्ट करू का म्हणून विचारलं. नाना म्हणाले नको. का नको, तर दीड महिन्याने हवालदारीचं कॅडर, म्हणजे प्रमोशनचा कोर्स होता. सिक रिपोर्ट केला की खाली पाठवणार, खाली गेलं की एमआय रूम म्हणजे युनिटचा दवाखाना, मग हॉस्पिटल, मग कॅटेगरी, आणि कॅटेगरीत पडलेल्याचं प्रमोशन कसं लटकतं ते त्यांनी दुसऱ्यांचं बघितलेलं. म्हणून गोळ्या खाल्ल्या, कंबरेला पट्टा बांधला आणि कॅडर काढलं. पास पण झाले. त्या पडण्याचा एका ओळीचा कागद कुठंच नाही.

मग २००७ ला, पीस स्टेशनला, म्हणजे सीमेपासून लांबच्या शांत छावणीत, सकाळच्या पीटीला वाकले ते वाकलेच. सरळच होता येईना. तिथून पुढं सगळं रेकॉर्डवर आहे, हॉस्पिटल, एमआरआय, एक्सक्यूज्ड पीटी, कॅटेगरी. म्हणजे सरकारच्या दृष्टीने आजाराचा जन्म २००७ चा, पीस स्टेशनमधला. आणि बोर्डाने नाना का लिहिलं त्याचं कारण काय दिलंय, तर दोन तुकडे, झिजेचा आजार आहे आणि सुरुवात पीस स्टेशनला झाली आहे. बस. चोवीस वर्षं पिठ्ठू वाहिलेल्या कंबरेवर एवढीच टिप्पणी.

रिटायरमेंटच्या आधीच्या बोर्डाच्या फॉर्ममध्ये जवानाचं स्वतःचं निवेदन असतं. त्यात विचारतात की तुमच्या मते नोकरीतल्या कोणत्या घटनेमुळे हा त्रास झाला किंवा वाढला, सविस्तर लिहा. तिथं नानांच्या अक्षरात, ते अक्षर मी कुठंही ओळखेन, दोन अक्षरं, नो. खाली सही, तारीख. मी विचारलं नाना जेरीकॅनचं का नाही लिहिलं? म्हणाले, "अगं, लायनीत वीस जण उभं होतं मागं. आणि तवा सांगितलं नाय ते आता कशाला सांगायचं. लबाड वाटलं असतं." यावर काय बोलणार.

नाकारल्याचं पत्र २०१२ लाच आलेलं. इंग्रजीत, एक पान, शेवटी ओळ की मान्य नसेल तर सहा महिन्यांत अपील करा. नानांनी ते घडी घालून काळ्या ट्रंकेत ठेवलं, ज्या ट्रंकेवर पांढऱ्या रंगाने त्यांचा नंबर आणि नाव आहे, आणि वरून गरम कपडे. आईला म्हणाले पेन्शन चालू झाली, बाकी काही नाही. ते पत्र मला २०१८ ला सापडलं, ट्रंकेत डांबरगोळ्या टाकताना. सहा वर्षं! मी पहिल्यांदा चिडले, मग रडले, मग कामाला लागले, आमच्यात हाच क्रम असतो.

आता कायद्याचा भाग, जो मला समजायला सहा महिने गेले तो सहा मिनिटांत सांगते.

सगळ्यात मोठा गैरसमज, जो नानांचा पण होता आणि माझा पण, तो असा की आजार नोकरीमुळे झाला हे आपण सिद्ध करायचं. म्हणून मी येड्यासारखी २००४ च्या पोस्टवरचे त्यांचे जोडीदार शोधत बसले होते, कोण नांदेडला कोण विजापूरला, कुणी लेखी देईल का बघत. तर नियम उलटा आहे. १९८२ च्या एंटायटलमेंट रूल्समध्ये, म्हणजे अशी पेन्शन कुणाला द्यायची ते ठरवणाऱ्या नियमांत, नववा नियम स्पष्ट म्हणतो की पुरावा द्यायची जबाबदारी जवानावर नाही आणि वाजवी शंका असेल तर तिचा फायदा जवानाला. पाचवा नियम म्हणतो, भरतीच्या वेळी कागदावर जी खोट लिहिलेली नाही ती नव्हतीच असं धरायचं, आणि पुढं तब्येतीमुळे माणूस घरी गेला तर ती नोकरीत बिघडली असं धरायचं. चौदाव्या नियमात हेच रोगांसाठी, आणि बोर्डाला जर वाटत असेल की हा आजार आधीपासून होता पण भरतीत तपासून कळला नसता, तर तसं कारण देऊन लिहायला पाहिजे. नुसता नाना लिहून भागत नाही.

आणि पीस स्टेशनचं म्हणाल तर सेनादलांच्या वैद्यकीय सेवेचेच १९८३ चे रेग्युलेशन आहेत, त्यात कलम ४२३ आहे, त्यात लिहिलंय की कारण फील्डमध्ये घडलं की पीसमध्ये याने काही फरक पडत नाही. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा बँकेत लंच टाइम होता, डबा उघडा आणि मी मोबाईलवर तीच ओळ चार वेळा वाचत बसलेले, शेजारच्या मॅडमना वाटलं काहीतरी वाईट बातमी आली.

हे सगळं एकत्र करून सुप्रीम कोर्टाने २ जुलै २०१३ ला धरमवीर सिंग खटल्यात निकाल दिला, आणि आज देशभरात अशा केसमध्ये पहिलं नाव तेच निघतं. तो सिग्नल्सचा जवान, १९८५ ला भरती, १९९४ ला फिट्सच्या आजारामुळे घरी पाठवलेला, त्याला पण २० टक्के आणि त्याला पण नाना. कोर्ट म्हणालं भरतीच्या कागदावर काही नोंद नाही, बोर्डाने कारण दिलेलं नाही, मग याचा फायदा जवानाला. पुढं २०१४ ला सुखविंदर सिंग, २०१५ ला राजबीर सिंग, तीच रेघ पुढं ओढलेली. म्हणजे नानांचं पत्र ट्रंकेत गेलं त्याच्या पुढच्याच वर्षी किल्ली बाजारात आली होती आणि आमची ट्रंक बंद.

पण सगळं एकतर्फी पण नाही हां, कुणी छाती फुगवून जाऊ नका. २०१९ ला नरसिंग यादव नावाच्या केसमध्ये, मानसिक आजाराची होती ती, सुप्रीम कोर्टाने मेडिकल बोर्डाच्या मताला मान दिला आणि जवान हरला. सरकारी वकील ती केस काढतातच. आणि खरं सांगायचं तर मला पण कधीकधी वाटतं की खुर्चीत बसून वाढलेल्या शुगरला आणि पाठीवर ओझं वाहून दबलेल्या नसेला एका मापात मोजलं की खऱ्यांचंच नुकसान होतं, सगळ्यांकडेच संशयाने बघितलं जातं. यावर माझं आणि आमच्या मामांचं, ते पण माजी सैनिक, कडाक्याचं वाजलंय, ते म्हणतात तू अजून पोरगी आहेस तुला स्ट्रेस काय असतो माहीत नाही. असो.

२०२३ च्या २१ सप्टेंबरपासून नियम पण नवीन आलेत, त्यानंतर रिटायर झालेल्यांनी ते वेगळे वाचावेत, तिथं आता नोकरी पुरी करून येणाऱ्यांना जे मिळतं त्याला इम्पेअरमेंट रिलीफ म्हणतात. आमची केस जुन्यातली.

आता पैशाचं, कारण चहा संपेपर्यंत सगळे तिथंच येतात. नानांना नेहमीची सर्व्हिस पेन्शन आहेच. डिसॅबिलिटीचा हिस्सा वेगळा, १०० टक्के डिसॅबिलिटीला शेवटच्या पगाराच्या ३० टक्के असा हिशोब. समजा पगार २० हजार होता, तर १०० ला ६ हजार, २० ला १२०० रुपये. पण एक राऊंडिंग ऑफ नावाचा प्रकार आहे, ५० पेक्षा कमी असेल तर ५० धरायचे, ५० ते ७५ असेल तर ७५, त्याच्या वर १००. हे आधी फक्त बोर्ड आऊट झालेल्यांना, म्हणजे तब्येतीमुळे मुदतीआधीच घरी पाठवलेल्यांना होतं, नोकरी पुरी करून आलेल्यांना नाही म्हणायचे, तर १० डिसेंबर २०१४ ला राम अवतार केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं त्यांना पण. म्हणजे नानांचे २० चे ५० आणि १२०० चे ३ हजार, वर महागाई भत्ता. पण २० च्या खाली, म्हणजे १५ ते १९ वगैरे बोर्डाने लिहिलं असेल आणि माणूस नोकरी पुरी करून आलेला असेल, तर दारच अवघड होतं, म्हणून बोर्डापुढं उभं असताना तो आकडा काय पडतोय त्याकडे लक्ष पाहिजे. तिथं मिशीला पीळ देऊन काही नाही साहेब ठीक आहे म्हणायचं नसतं. आमच्याकडच्यांना नेमकं तेच येतं.

मग आम्ही क्रमाने गेलो. आधी आरटीआय, दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर लावून, भरतीच्या वेळच्या मेडिकलचे आणि शेवटच्या बोर्डाचे कागद मागितले. ही अख्ख्या प्रवासातली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाची गोष्ट. भरतीच्या मेडिकलमध्ये मणक्यापुढं काही नाही, पायापुढं काही नाही, सगळीकडे नॉर्मल. मग पहिलं अपील, उशीर माफ करा अशा अर्जासकट. नाकारलं, कारणं बोर्डाचीच उचललेली, दोन वाक्यांची तीन वाक्यं झालेली. मग दुसरं अपील, त्याचं उत्तर यायची वाट बघण्यात लॉकडाऊन लागला. मध्येच एक एजंट भेटला, सगळं करून देतो म्हणे, एरियर्स, म्हणजे मागचे थकलेले पैसे, आले की तीस टक्के द्या. लक्षात ठेवा, वकिलाला निकालावर टक्का मागायला बार कौन्सिलच्या नियमाने मनाई आहे, जो टक्क्यात बोलतो तो एकतर वकील नाही नाहीतर चांगला वकील नाही.

आमचे वकीलसाहेब स्वतः फौजेतून रिटायर. त्यांनी सगळ्यात आधी जे सांगितलं ते कायद्याचं नव्हतंच, म्हणाले नानांना एका चांगल्या न्यूरॉलॉजिस्टला दाखवा, जुन्या फाईलमध्ये एक एनसीव्ही आहे तो नॉर्मल आहे आणि समोरचे तो फडकवणार.

एनसीव्ही म्हणजे नसेतून करंट किती वेगाने जातो ते मोजतात. पुण्याला गेलो. एसी रूम, नाना गंजीफ्रॉक आणि चड्डीवर पलंगावर, पायाला चिकटपट्ट्या, आणि तंत्रज्ञ मुलगी माझ्यापेक्षा लहान, ती झटके देत होती. प्रत्येक झटक्याला नानांचा पाय उडायचा आणि ती विचारायची, आजोबा दुखतंय का? आणि नाना, वर छताकडे बघत, "न्हाई." परत झटका. "न्हाई." शेवटी मी म्हटलं अहो नाना खरं सांगा की, इथं कॅडर नाही तुमचं! ती मुलगी हसायला लागली, नाना नाही हसले. जरा वेळाने म्हणाले, "थोडं दुखतंय."

आणि रिपोर्ट परत बराचसा नॉर्मल! माझ्या पोटात गोळा. पण डॉक्टर म्हणाले असंच येणार, आणि त्यांनी जे समजावलं ते मी आता सगळ्यांना डीपीचं, म्हणजे गल्लीतल्या विजेच्या ट्रान्सफॉर्मरचं, उदाहरण देऊन सांगते. पायातून संवेदना आणणारी जी नस आहे तिच्या पेशीचं मूळ पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूच्या जरा बाहेर एका गाठीत असतं. पायापासून त्या गाठीपर्यंतच्या तारेला जगवायचं काम ती गाठ करते. चकती दाबते ती गाठीच्या आतल्या बाजूला, गाठ आणि मज्जारज्जूच्या मधे. म्हणजे कसं, डीपीपासून आपल्या घरापर्यंतची तार एकदम ठीक आहे, फॉल्ट डीपीच्या वरच्या लाईनीत आहे, आणि वायरमन आला तो डीपी ते घर एवढंच तपासून ओके लिहून गेला. घरात अंधारच. म्हणून कंबरेतल्या नसेच्या दाबात संवेदनेचा एनसीव्ही नॉर्मल येऊ शकतो, तो नॉर्मल आहे म्हणून माणूस नॉर्मल होत नाही. त्यासाठी ईएमजी करतात, स्नायूत बारीक सुई घालून. ती नानांच्या पोटरीत आणि नडगीच्या बाजूच्या स्नायूत घातली आणि तिथं स्पष्ट निघालं की त्या स्नायूंचा नसेशी संबंध जुन्या काळापासून तुटत आलाय. टेप लावून मोजलं तर डावी पोटरी उजवीपेक्षा दोन सेंटिमीटर बारीक. इतकी वर्षं आम्ही बघत होतो ती पोटरी, कुणाला दिसलं नाही.

मी विचारलं आता ऑपरेशन केलं तर? म्हणाले दुखणं कमी होईल कदाचित, पण नस परत वाढली तरी दिवसाला साधारण एक मिलिमीटर, कंबरेपासून पावलापर्यंत मीटरभर अंतर, हिशोब तुम्हीच करा, तेवढे दिवस स्नायू वाट बघत नाहीत. कॅशियरला हिशोब करायला सांगू नये. हजार दिवस. आणि आम्ही आधीच सहा वर्षं ट्रंकेत घातलेली.

त्या दिवसांत मी रात्री गूगलवर काहीही शोधायचे. माजी सैनिक, सायटिक नस, डिसॅबिलिटी असं टाकलं की सगळं अमेरिकेचंच येतं. तिकडं तक्ताच आहे, सायटिक नसेचा कोड ८५२०, सौम्य असेल तर १० टक्के, मध्यम २०, त्याहून जास्त ४०, स्नायू ठळकपणे सुकलेले असतील तर ६०, नस पूर्ण गेली तर ८०. नुसतं बधिरपण असेल तर मध्यमच्या वर जायचं नाही असं पण लिहिलंय. २०१९ च्या फेब्रुवारीपासून तिकडं नाकारलेल्याला तीन वाटा, नवा पुरावा देऊन परत मागा, नाहीतर त्याच कागदांवर वरच्या अधिकाऱ्याकडून तपासून घ्या, नाहीतर थेट अपील बोर्डाकडे जा. वाचून पहिल्यांदा हेवा वाटला. मग दिसलं की तिकडचे लोक पण वर्षानुवर्षं थांबलेत आणि तिकडच्यांचं पण रडगाणं तेच, की नोकरीत असताना दुखणं सांगितलं नाही, नोंद नाही. शंकेचा फायदा सैनिकाला हा नियम दोन्हीकडे. मला आपली एकच गोष्ट तिथून उपयोगी पडली, ती म्हणजे पोटरीचं माप. तक्त्यात स्नायू सुकल्याचं वाचलं म्हणून तर मी डॉक्टरांना टेप लावायला सांगितली.

२०२१ च्या जानेवारीत मुंबईच्या आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनलमध्ये केस टाकली. हे ट्रिब्युनल २००७ च्या कायद्याने झालं, २००९ पासून चालू आहे, त्याच्या आधी जवानाला थेट हायकोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागायच्या. तारखा पडत गेल्या, काही व्हिडिओवर, काहींना सरकारी बाजूने मुदत मागितलेली. नानांना जायची गरज नव्हती पण शेवटच्या तारखेला ते हट्टाने आले. रात्रीची एसटी. नानांना तासभर बसलं की डाव्या ढुंगणापासून खाली आग होते, म्हणून खंडाळ्यापासून पुढं ते सीटच्या मधल्या वाटेत दांडा धरून उभेच होते, कंडक्टर म्हणतोय काका बसा, पडाल, आणि ते, "ऱ्हाऊ दे, सवय हाय."

तिथं दोन मेंबर असतात, एक हायकोर्टाचे माजी न्यायाधीश आणि एक सेनेतले निवृत्त मोठे अधिकारी. ते आत आले आणि सगळे उठले तसे नाना पण उठले, पण नाना सावधानमध्ये उभे राहिले, मुठी वळलेल्या, हनुवटी वर, आणि बाकीचे बसले तरी ते बसेनात. मी सदऱ्याला धरून खाली ओढलं. सुनावणी दहा मिनिटं पण नसेल. सरकारी वकील म्हणाले झिजेचा आजार, पीस स्टेशन, आणि उशीर. आमच्या साहेबांनी भरतीचं मेडिकल दाखवलं, बोर्डाचं ते दोन ओळींचं कारण वाचून दाखवलं, कलम ४२३ वाचलं, धरमवीर सिंग वाचला. ईएमजीचा कागद पुढं केला पण तो बघायची वेळच आली नाही असं मला वाटतं. ते निवृत्त अधिकारी फक्त एकदा नानांकडे बघून म्हणाले, कितनी सर्विस? नाना परत उभे. "चोबीस साल, साब."

निकाल दोन महिन्यांनी आला, २०२३ मध्ये. आजार सैनिकी सेवेमुळे वाढलेला धरावा, २० टक्के आयुष्यभरासाठी, राऊंड करून ५०. उशीर माफ, कारण पेन्शन दर महिन्याला मिळत नाही म्हणजे दर महिन्याला अन्याय होतोय असं धरतात, पण एरियर्स मात्र केस टाकायच्या आधीच्या तीनच वर्षांचे, ते २००८ च्या तरसेम सिंग निकालामुळे. म्हणजे जानेवारी २०१८ पासून. २०१२ ते २०१७ चे गेले ते गेलेच, डांबरगोळ्यांच्या वासात. उशीर केला की केस मरत नाही पण पैसे मरतात, हे त्या तिघांना मी पहिल्यांदा सांगितलं आणि त्यातल्या एकाचं पत्र २००६ चं निघालं.

पैसे यायला अजून आठ महिने गेले आणि परत एक अर्ज करावा लागला, अंमलबजावणीचा. तेही झालं. मेसेज आला तेव्हा मी काउंटरवर होते, घरी फोन केला, आई म्हणाली ते वैरणीला गेलेत.

संध्याकाळी नाना ओट्यावर बसले होते, पायात नवीन सँडल, मागं पट्टा असलेली, पोराने आजोबांसाठी पसंत केलेली. मी निकालाचे कागद काढले आणि एकेक ओळ मराठीत करून सांगत होते. नानांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं,

"ते एन ए एन ए खोडलं का त्यांनी?"

म्हटलं हो नाना, रद्द केलं.

"आणि जेरीकॅनचं? लिहिलंय का कुठं?"

मी परत पहिल्या पानापासून बघितलं, माहीत असून. नाही, जेरीकॅनचं कुठंच नव्हतं.

"बरं," म्हणाले आणि वाकून डाव्या सँडलचा पट्टा हाताने चाचपून बघितला, लागलाय का.